जुन्या भिंतीवरची काजळी: पाणी न लावता काढायची कशी आणि थांबायचं कुठे

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांतून आणि देवळांतून एकच तक्रार वर्षानुवर्षं येत राहते. भिंत पुसली तर आधीपेक्षा मळकट दिसायला लागली, किंवा उजळली खरी, पण पुढच्या सणापर्यंत पुन्हा तशीच काळी. श्रावण संपत आला की फोन सुरू होतात, कारण घटस्थापनेच्या आधी सगळं लख्ख हवं असतं. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत मी हा बिघाड इतक्या ठिकाणी हाताळलाय की आता भिंतीसमोर उभं राहिलो की आधी एवढंच विचारतो: हे काळं नेमकं काय आहे, आणि येतंय कुठून?

खालचं सगळं नाजूक पृष्ठभागांसाठी आहे. चुन्याची सफेदी, घोटलेला चुना, शेणामातीचा गिलावा, जुनं डिस्टेंपर, नक्षीचं सागवान, काळा पाषाण, चित्रं काढलेली भिंत. सिमेंटच्या भिंतीवर ऑइलपेंट असेल तर साबणाच्या पाण्यानं पुसून मोकळे व्हा.

लक्षणं

देवळीच्या किंवा कोनाड्याच्या वर पंख्यासारखा पसरलेला काळा पट्टा, बोट फिरवलं की कोरडी काळी पूड हाताला येते. ही दिव्याची काजळी. सगळ्यात सोपी केस हीच.

तपकिरी-काळा, चकाकणारा, मेणचट थर. बोट ओढलं तर अडकतं. चुलीचा किंवा फोडणीचा धूर वर्षानुवर्षं साचलेला. यात तेल आणि लाकडाच्या धुराचं डांबर असतं, त्यामुळे कोरड्या उपायांनी तो अर्धामुर्धाच निघतो.

माळवदाच्या कोपऱ्यांतून लोंबणारी काळी जळमटं. ती कोळ्याचीच असतील असं नाही. काजळीचे कण एकमेकांना चिकटूनही असे धागे तयार होतात. केरसुणी मारली की भिंतीवर काळी रेघ उठते आणि ती जात नाही.

तुळईच्या कडेनं, खिळ्यांच्या डोक्यांवर, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात काळ्या रेघा किंवा ठिपके. गरम हवेतले कण थंड जागेकडे सरकून बसतात, म्हणून खोलीतली सगळ्यात थंड जागा आधी काळी होते.

पावसाच्या ओघळाखाली किंवा जोत्याजवळ काळे पट्टे, पावसाळ्यात त्यांना हिरवट झाक. हे शेवाळ किंवा बुरशी आहे. काजळी समजून घासलं तर ती फक्त पसरते.

बाहेरच्या बाजूला, पाऊस थेट लागत नाही अशा कंगणीखाली कडक काळी खपली. हवेतल्या गंधकाचा चुन्यावर परिणाम होऊन जिप्सम तयार होतं आणि त्यात धूर अडकून ही खपली बनते. ती आता पृष्ठभागाचाच भाग झालेली असते. नख लावू नका.

पाणी का नको

एका देवस्थानच्या पुजारीकाकांनी मला सरळ विचारलं होतं, "दादा, ओल्या फडक्यानं पुसलं तर काय होतंय?" उत्तर त्यांच्याच भिंतीवर होतं. देवळीच्या उजव्या अंगाला, हात पोचेल तेवढा, करडा अर्धगोल उमटला होता आणि त्याची कड मूळ काजळीपेक्षा गडद होती. काजळीचे कण अतिशय बारीक, मायक्रॉनच्याही खालचे असतात. कोरडे असतात तोवर ते वर बसलेले असतात. पाणी लागलं की चुन्याच्या छिद्रांत ते पाण्याबरोबर आत ओढले जातात, आणि पाणी जिथे वाळतं तिथे, म्हणजे ओलीच्या कडेला, गोळा होतात. तिथून ते नंतर कशानंच निघत नाहीत.

दुसरं कारण क्षारांचं. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. ते भिंतीत मुरलं की आतले क्षारही विरघळून वर येतात आणि वाळताना लोणा फुटतो. घोटलेल्या चुन्याचा पापुद्रा या क्षारांनी उचलला की ती भिंत परत मिळत नाही. मातीच्या गिलाव्याचं आणि साध्या सफेदीचं तर सांगायलाच नको, पाण्यानं सरळ सुटून येतात. सागवानाचे तंतू ओले झाले की उभे राहतात आणि नक्षी खरखरीत होते.

अजिंठ्याकडे बघा. तिथला गिलावा मातीचा, त्यात भाताचं तूस, गवत, वाळू. वर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. अशा भिंतीला पाणी म्हणजे थेट नुकसान. तिथल्या धुराच्या थरांवर पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ काम करतात ते एकेक छोटा तुकडा घेऊन.

तपासणी १: उगम शोधा (खर्च शून्य)

काळेपणा कुठे सगळ्यात दाट आहे ते बघा आणि तिथून उलटं चालत या. बहुतेक वेळा समईची वात लांब असते. वात लांब असली की ज्योत उंच होते, तेल पुरतं जळत नाही आणि धूर निघतो. वात कमी करा, जळका गुल रोज काढा, तेल गाळून घाला. कापूर तर धुरकटच जळतो. आरती भिंतीला लागून होत असेल तर तबक दोन हात पुढे आणा. नंदादीप हलवता येत नसेल तर ज्योतीच्या वर, भिंतीला न टेकता, पितळी किंवा तांब्याचं ताट टांगा. काजळी ताटावर बसते आणि ताट दर आठवड्याला घासता येतं.

घरात बघायचं ते वेगळं: लोडशेडिंगला चालणाऱ्या जनरेटरचा धूर खिडकीतून येतोय का, चुलीचं धुराडं चोंदलंय का, शेजारी वीटभट्टी आहे का. हे आधी करा, कारण उगम तसाच ठेवून साफ केलेली भिंत पुन्हा काळी होणारच, आणि दर वेळच्या सफाईत सफेदीचा थोडा थर जातो. वर्षाला एकदा चुकीची सफाई ही काजळीपेक्षा जास्त नुकसान करते, हे मी ठामपणे सांगतो.

तपासणी २: तळहात आणि पांढरं फडकं

एका आडोशाच्या कोपऱ्यात पांढऱ्या सुती फडक्यानं नुसतं टेकवा, घासू नका. फडक्यावर काळं आलं आणि पोत कोरडा असेल तर पुढे जा. फडक्यावर काळ्याबरोबर पांढरी भुकटीही आली, म्हणजे सफेदी सुटतेय. तिथे स्पंज चालणार नाही. नुसता ब्रश आणि हवा ओढणं, एवढंच. फडक्यावर रंग आला, म्हणजे लाल, निळा, पिवळा काहीही, तर तिथेच थांबा. ते चित्र आहे किंवा जुना रंगाचा थर आहे.

तपासणी ३: ओल आहे का

भिंत थंड लागते का, पायथ्याशी पांढरी लव दिसते का, हिरवट झाक आहे का? असेल तर सफाई पुढे ढकला. ओल्या भिंतीवर कोरडा स्पंजही काळं फासतो. प्लास्टिकचा कागद चिकटपट्टीनं लावून ओल तपासायची रीत नव्या भिंतीसाठी ठीक आहे. जुन्या चुन्यावर पट्टी लावू नका, काढताना सफेदी सोबत येते.

इथेच सणाची अडचण येते. नवरात्राच्या आधीचा काळ म्हणजे भाद्रपदाचा पाऊस, भिंती ओल धरून बसलेल्या. मी विश्वस्तांना दरवर्षी हेच सांगतो: नवरात्राला समया हलवा, फुलांच्या माळा लावा, आणि भिंतीचं काम होळीनंतर घ्या. फाल्गुन ते वैशाख आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की काजळी आपोआप सैल पडते. दुष्काळी मुलखाचा हा एवढा तरी फायदा पदरात पाडून घ्यावा.

तपासणी ४: पोकळ आवाज

बोटाच्या पेरानं हळू ठोका. भरीव आवाज आला तर बरं. डबडब वाजलं तर गिलावा मागच्या भिंतीपासून सुटलाय. तिथे ब्रशसुद्धा लावू नका. पेन्सिलनं शेजारी छोटी खूण करा आणि तेवढा भाग सोडून द्या.

तपासणी ५: पृष्ठभाग एकच आहे का

लांबून एकसारखं दिसणारं जवळून वेगळं असतं. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात खाली संगमरवर आहे आणि वरच्या बऱ्याच भागावर पांढरा चुन्याचा गिलावा. लांबून दोन्ही पांढरंच. संगमरवर जे सोसेल ते गिलावा सोसणार नाही. वाड्यातही ढाळजेतला खांब सागवानी, त्याखालची बैठक पाषाणाची आणि मागची भिंत मातीची असते. प्रत्येकाची चाचणी वेगळी घ्या, अंगठ्याएवढ्या जागेवर, आणि एक दिवस थांबून उजेडात बघा.

पाषाणाबद्दल एक गोष्ट खास. आपला दगड बेसाल्ट, मुळातच काळसर. कित्येक ठिकाणी लोक दगडाचा स्वतःचा रंग 'मळ' समजून घासत बसतात. शेजारचा, जिथे धूर कधी गेलाच नाही असा दगड बघा. तेवढा काळा असेल तर काम संपलं. दगडात बारीक भोकं असतात, काहींत पांढरे स्फटिकही दिसतात. त्या भोकांतली काजळी टोकदार वस्तूनं कोरू नका.

आता सफाई, हलक्या हातापासून

आधी स्वतःची तयारी. एन-९५ मास्क, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. जुना शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग, त्याची धूळ पोटात जाऊ देऊ नका. वटवाघळं किंवा पारवे राहिलेली जागा असेल तर विष्ठेची धूळ उडवणं धोक्याचं आहे. वायरिंग जुनं असेल तर मेन स्विच बंद करा, कारण काजळीतून वीज वाहू शकते.

पहिली पायरी ब्रश आणि व्हॅक्यूम. बकरीच्या केसांचा रुंद मऊ ब्रश घ्या, रंगाच्या दुकानात मिळतो. केस ज्या पत्र्यात बसवलेले असतात त्यावर कापडी पट्टी गुंडाळा, नाहीतर तो पत्रा चुन्यावर ओरखडे पाडतो. व्हॅक्यूम हेपा फिल्टरचा हवा. साध्या घरगुती यंत्रात बारीक काजळी पुढून आत जाते आणि मागून सगळ्या खोलीत उडते, हेपा ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, म्हणून तो. ओढ सगळ्यात कमी ठेवा, नळीच्या तोंडावर मच्छरदाणीची जाळी रबरबँडनं बांधा, म्हणजे सुटलेली कपची आत न जाता जाळीवर अडकेल आणि तुम्हाला कळेल. नळी भिंतीला टेकवायची नाही. बोटभर अंतरावर धरायची आणि ब्रशनं काजळी तिच्याकडे हलकेच लोटायची. वरून खाली या. जळमटांना ब्रशही लावू नका, फक्त ओढ.

एवढ्यानंच पुष्कळ भिंती पुरत्या निभावतात. माझा आग्रह असा की इथे एक दिवस थांबा, माणसांना दाखवा, आणि मगच पुढे जायचं का ते ठरवा.

दुसरी पायरी कोरडा रबरी स्पंज. बाजारात त्याला सूट स्पंज, स्मोक स्पंज, कधी केमिकल स्पंज म्हणतात; नावात केमिकल असलं तरी तो नैसर्गिक रबराचा असतो. गावच्या दुकानात मिळणार नाही, ऑनलाइन मागवावा लागतो. यात दोन गल्लती होतात. आंघोळीचा स्पंज चालत नाही. आणि 'मॅजिक इरेझर' म्हणून मिळणारा पांढरा मेलामाइनचा तुकडा तर अजिबात नको, तो बारीक पॉलिशपेपरसारखा घासतो आणि वापरायचा असतो तोही ओला करून.

स्पंज वापरायची रीत महत्त्वाची. तो टेकवायचा, एकाच दिशेनं हलकेच ओढायचा, उचलायचा. मागेपुढे नाही, गोल नाही. रबर काजळीला आपल्या अंगावर घेतं. घासलं की तीच काजळी परत छिद्रांत दाबली जाते. दोन-चार हात मारले की स्पंजचा चेहरा काळा होतो. तो उलटा करा. सगळ्या बाजू काळ्या झाल्या की ब्लेडनं पातळ काप काढून टाका, आत पिवळं स्वच्छ रबर असतं. धुवायचा नाही, ओला झाला की तो कामातून गेला. काम संपल्यावर हवाबंद पिशवीत ठेवा, उघड्यावर तो कडक होऊन चुरा पडतो. भिंतीवर राहिलेले त्याचे कण शेवटी मऊ ब्रशनं काढा.

जुने रंगारी कणकेचा गोळा फिरवायचे, युरोपात पाव वापरायचे. रोमच्या सिस्टीन चॅपेलची छतचित्रंही सतराव्या शतकात पावानं पुसली गेली होती. मुलांची 'प्ले-डो' नावाची रंगीत कणीकही मुळात अमेरिकेत कोळशाच्या धुरानं काळे झालेले भिंतीचे कागद साफ करायला बनवलेली होती. तत्त्व तेच: चिकटवून उचला. पण कणीक भिंतीवर पिठाचा अंश सोडते आणि त्यावर झुरळं, कसर, पावसाळ्यात बुरशी येते. रबर मिळत असताना कणीक वापरू नका.

तिसरी पायरी खोडरबर. नक्षीच्या खाचा, महिरपीची कड, एखादी उरलेली रेघ यांसाठी चित्रकारांचं मळता येणारं मऊ रबर छान. दाबा आणि उचला. साधं पांढरं खोडरबर किसून त्याचा चुरा बोटानं हलका फिरवता येतो, पण फक्त भरीव, न सुटणाऱ्या पृष्ठभागावर.

सागवानावर काजळी कोरडी असेल तर हेच. मेणचट थर असेल तर वरची धूळ ब्रशनं काढा आणि थांबा. इथे सुतार म्हणतात, "वरून वार्निश मारून टाकू, चमकेल." नका करू देऊ. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारनं अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटलीहून दोन तज्ज्ञ आणले होते. त्यांनी सुटणारे भाग पक्के केले, पण चित्रांवर लाखेचा हात दिला. पुढे ती लाख पिवळी पडली, मळ तिच्यात अडकला, आणि ती काढण्यावर पुरातत्त्व खात्याला दशकानुदशकं काम करावं लागलं. त्या काळच्या उत्तम माणसांनी केलेल्या कामाचं हे झालं. तुमच्या खांबावर काजळीसकट वार्निश बसलं तर ते काढताना नक्षीची धारही जाईल.

हे कधीच नको: तारेचा ब्रश (लोखंडाचे कण अडकून नंतर गंजाचे डाग फुटतात), पॉलिशपेपर, सँडब्लास्टिंग, ॲसिड, सोडा, रॉकेलचं फडकं, आणि गॅरेजमधला हवेचा कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आणि पाण्याचा अंश असतो, आणि जोरानं काजळी आत जाते.

इथे थांबा, तज्ज्ञ बोलवा

स्पंजचे तीन-चार कोरडे हात मारून जे आलं नाही ते आणखी घासून येणार नाही. राहिलेली करडी झाक राहू द्या. हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं, पण दोनशे वर्षांच्या भिंतीला नव्या भिंतीसारखं पांढरं करायचा हट्ट धरला तर शेवटी नवा चुनाच मारावा लागतो.

पुढचं काही दिसलं तर हात काढून घ्या: चित्र किंवा अक्षरं, सोन्याचा वर्ख, शेंदराचे थर, पोकळ गिलावा, कडक काळी खपली, मेणचट थर, आगीनंतरची काजळी (प्लास्टिक जळलेलं असतं, धूर विषारी). मूर्तीला तर हातच लावू नका, तिची बाब वेगळी आहे. लॅटेक्सचा लेप मारून सोलून काढण्याची पद्धत लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या आतल्या दगडावर वापरली गेली, पण त्या लेपात पाणी आणि अमोनिया असतो, आणि सैल पृष्ठभाग तो सोबत ओढून काढतो. लेझरबद्दलही विचारणा होते. पांढऱ्या दगडावर तो सुरक्षित ठरतो कारण काळं शोषतं आणि पांढरं परतवतं. आपल्या काळ्या बेसाल्टवर तो फरक मिळत नाही, आणि शेंदूर, हिंगूळ यांसारखे रंग लेझरनं काळे पडतात. ही दोन्ही कामं प्रशिक्षित संवर्धकाचीच.

इमारत संरक्षित स्मारक असेल तर ब्रशही लावायचा नाही. केंद्राच्या यादीतली स्मारकं १९५८ च्या कायद्याखाली, राज्याची १९६० च्या कायद्याखाली येतात. परवानगीशिवाय काही करणं गुन्हा आहे. केंद्राच्या स्मारकांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, राज्याच्या स्मारकांसाठी राज्य पुरातत्त्व संचालनालय. खाजगी वाडा किंवा नोंद नसलेलं देऊळ असेल तर इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे, किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्राकडे चौकशी करा.

फोन करण्याआधी दिवसाच्या उजेडात फोटो काढा, एक लांबून आणि एक जवळून, शेजारी नाणं ठेवून. कुठे बोट फिरवलं आणि काय आलं ते लिहून ठेवा. आणि त्या भिंतीवर याआधी काय काय लावलं गेलंय, वार्निश, तेल, दूध, फेविकॉल, काहीही असो, ते सगळं सांगा. पुढे काय वापरायचं ते संवर्धक त्यावरूनच ठरवतो.